प्युपिल : शाळेतला आणि डोळ्यातला. दोन अर्थांच्या इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधावं

डोळ्यांच्या आरोग्याबद्दलच्या एका माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात एक वाक्य होतं : ‘तीव्र प्रकाशात विद्यार्थी लहान होतात.’ मूळ इंग्रजी शब्द होता प्युपिल. शब्दकोशात पहिला दिसला तो अर्थ उचलला गेला होता. दुरुस्ती सोपी होती. ‘विद्यार्थी’ खोडून मी ‘बाहुल्या’ लिहिलं आणि तिथेच अडकले. डोळ्याच्या मधोमध असलेल्या काळ्या छिद्राला आपण बाहुली का म्हणतो? आणि इंग्रजीत त्या छिद्राचं आणि शाळेतल्या मुलाचं नाव एकच कसं?

या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच ठिकाणी सापडली. ती शोधताना जी रीत हाताला लागली ती मी आता दोन अर्थांच्या प्रत्येक शब्दाला लावते. प्युपिल हाच शब्द धरून ती इथे सांगते.

पायरी १ : प्रश्न नीट मांडा

दोन अर्थांचा शब्द समोर आला की विचारायचं एवढंच : हा एक शब्द आहे की दोन? मराठीतलं ‘पान’ घ्या. झाडाचं पान आणि वहीचं पान हा एकच शब्द आहे. संस्कृतातल्या ‘पर्ण’चं प्राकृतात ‘पण्ण’ झालं, त्याचं मराठीत ‘पान’ झालं आणि पुढे ते कागदालाही लागलं. पण ‘मद्यपान’, ‘स्तनपान’ यांतलं ‘पान’ निराळं. ते ‘पा’, म्हणजे पिणे, या धातूपासून थेट संस्कृतातून आलं. म्हणजे वापर तीन, शब्द दोन. त्यांचा उच्चार आणि लेखन तंतोतंत जुळतं हा काळाच्या ओघातला योगायोग आहे.

इंग्रजीतही हेच दोन प्रकार आहेत. कधी एका शब्दाचे अर्थ फुटत जातात, कधी दोन परके शब्द झिजून झिजून सारखे दिसू लागतात. पुढचं सगळं काम या दोहोंपैकी काय घडलं ते ठरवण्याचं आहे.

पायरी २ : अर्थ वाक्यासकट लिहून काढा, मेलेले अर्थही

कागदावर प्रत्येक अर्थाखाली एक साधं वाक्य लिहा. ‘ती त्या गायकाची प्युपिल होती.’ ‘डॉक्टरांनी टॉर्च मारून प्युपिल पाहिली.’ वाक्य लिहिलं की अर्थाच्या कडा दिसतात. पहिल्या वाक्यात कुणाच्या तरी हाताखाली असण्याचा भाव आहे. ‘स्टुडंट’ स्वतःच्या बळावर अभ्यास करणारा असू शकतो, प्युपिल मात्र नेहमी कुणाचा तरी असतो.

मग मोठा कोश उघडून बारीक टाइपातले, ‘जुना’ किंवा ‘कायदा’ असा शिक्का मारलेले अर्थ वाचा. बहुतेक लोक इथे घाई करतात आणि नेमका दुवा गमावतात. प्युपिलखाली तिसरा अर्थ सापडतो : आईवडिलांवाचून दुसऱ्या पालकाच्या ताब्यात असलेलं अल्पवयीन मूल. स्कॉटलंडच्या कायद्यात १४ वर्षांखालचा मुलगा आणि १२ वर्षांखालची मुलगी यांना प्युपिल म्हणत. १९९१ सालच्या कायद्याने ही वर्गवारी गेली. हा तिसरा अर्थ कागदावर ठळक लिहून ठेवा.

शेजारचे शब्दही टिपा. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर होणाऱ्याला अनुभवी वकिलाच्या हाताखाली जी उमेदवारी करावी लागते तिला प्युपिलेज म्हणतात. पपेट, पपी, पतंगाच्या कोशाला म्हणतात तो प्युपा हे शब्दही शेजारी दिसतात. त्यांना अजून हात लावू नका, फक्त नोंदवा.

पायरी ३ : कोशातल्या आकड्यांवर निकाल देऊ नका

मोठ्या इंग्रजी कोशांत काही शब्दांना स्वतंत्र नोंदी असतात. एकच शब्द, पण डोक्यावर बारीक १ आणि २. संकेत असा की वेगळी नोंद म्हणजे वेगळा शब्द, आणि एकाच नोंदीखालचे क्रमांक म्हणजे एकाच शब्दाचे अर्थ. प्युपिलला ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात आणि मेरियम-वेबस्टरमध्ये दोन नोंदी आहेत. तेवढं पाहून ‘म्हणजे दोन परके शब्द’ असं ठरवलं तर चूक होते. इंग्रजीच्या अंगणात ते दोन वेगळ्या वाटांनी आले म्हणून नोंदी दोन. त्या वाटा मागे कुठे एकत्र होत्या हे त्या आकड्यावरून कळत नाही, ते व्युत्पत्तीच्या ओळीत असतं.

ती ओळ वाचताना दोन गोष्टी सांभाळा. कोनाची खूण किंवा बाण ‘यापासून आला’ असं सांगतो. शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी ते बहिणी-भाषांच्या तुलनेतून उभं केलेलं आहे. तारा असलेलं रूप पुरावा म्हणून सांगू नये.

कोणता कोश वापरावा? रोजच्या शोधासाठी ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ फुकट आहे आणि पुरेशी आहे. तारखांसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश, तो अनेक ग्रंथालयांतून उघडता येतो. संस्कृतासाठी मोनियर-विल्यम्स. मराठीची बाजू पाहायची तर मोल्सवर्थचा कोश आणि कृ. पां. कुलकर्णींचा व्युत्पत्तिकोश. विद्यार्थ्यांसाठी असलेले छोटे कोश या कामाला नाहीत. ते सर्वांत जास्त वापरातला अर्थ आधी देतात, ऐतिहासिक कोश सर्वांत जुना अर्थ आधी देतात. ही गल्लत फार जणांची होते.

पायरी ४ : अर्थांना तारखा लावा

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची कल्पना १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली, पहिला भाग १८८४ मध्ये आणि शेवटचा १९२८ मध्ये निघाला. शेकडो वाचकांनी जुनी पुस्तकं चाळून चिठ्ठ्यांवर उतारे लिहून पाठवले, त्यातून प्रत्येक अर्थाचा सर्वांत जुना लेखी दाखला ठरला. त्या निनावी वाचकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तारीख वाचताना एवढं लक्षात ठेवा : तो सापडलेल्या सर्वांत जुन्या कागदाचा काळ आहे. शब्द त्याआधीही बोलण्यात असणारच.

प्युपिलच्या तारखा अशा लागतात. ‘पालकाच्या ताब्यातलं अनाथ मूल’ हा अर्थ इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस येतो. डोळ्याचा अर्थ त्याच्या मागोमाग, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास. ‘शिकणारा मुलगा’ सर्वांत धाकटा, सोळाव्या शतकाच्या मध्यावरचा.

इथे एका तर्कापासून सावध राहा. ‘शिष्य हा गुरूच्या डोळ्यातला तारा, म्हणून त्याला डोळ्याचं नाव’ असं कुणी सांगितलं तर ऐकायला गोड वाटतं. पण शिष्याचा अर्थ अनाथ मुलाच्या अर्थातून निघालेला आहे, डोळ्यातून निघालेला नाही, हे पुढच्या पायऱ्यांत दिसेल. तारखांची रांग कोणता अर्थ आधीचा एवढंच सांगते, तो कशातून निघाला हे वेगळं तपासावं लागतं.

पायरी ५ : फाटा कुठे फुटला ते पाहा

आता मागे मागे जा. इंग्रजीच्या आधी जुनी फ्रेंच, तिच्या आधी लॅटिन. लॅटिनमध्ये ‘पूपुस’ म्हणजे लहान मुलगा, ‘पूपा’ म्हणजे लहान मुलगी आणि खेळण्यातली बाहुलीसुद्धा. त्यांची लाडकी, छोटी रूपं ‘पूपिल्लुस’ आणि ‘पूपिल्ला’. मराठीत बाळचा बाळ्या किंवा चिमणीची चिमुकली करतो तशी.

या छोट्या रूपांना लॅटिनमध्येच दोन कामं मिळाली होती. रोमन कायद्यात बाप गेलेलं, वयात न आलेलं मूल म्हणजे पूपिल्लुस. बायबलच्या लॅटिन भाषांतरात अनाथांची आणि विधवांची विचारपूस करण्याचा उपदेश आहे, तिथे अनाथांसाठी हाच शब्द आहे. आणि स्त्रीलिंगी पूपिल्ला म्हणजे डोळ्यातलं काळं छिद्र. रोमन लेखक सिसेरो इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास लिहिताना त्याच कुळातलं ‘पूपुला’ हे रूप डोळ्यासाठी वापरतो. म्हणजे फाटा इंग्रजीत फुटलेला नाही, रोममध्येच फुटलेला आहे. इंग्रजीने दोन्ही फांद्या तयार उचलल्या.

या पायरीवर शेजारच्या भाषा कामाला येतात. फ्रेंचमध्ये ‘प्युपिय्’ला आजही दोनच अर्थ आहेत, डोळ्यातली बाहुली आणि पालकाच्या ताब्यातलं मूल. १९१७ साली पहिल्या महायुद्धात वडील गमावलेल्या मुलांना राष्ट्राने दत्तक घेण्याचा कायदा झाला, त्या मुलांना ‘राष्ट्राचे प्युपिय्’ म्हणतात. शाळेतल्या मुलाला फ्रेंच हा शब्द लावत नाही. म्हणजे शिकणाऱ्याचा अर्थ ही खास इंग्रजीतली भर. तारखांवरून जे दिसलं त्याला इथे दुसऱ्या बाजूने दुजोरा मिळतो. असा दुजोरा मिळाल्याशिवाय मी कधी पुढे जात नाही.

पायरी ६ : अर्थांमधला पूल शोधा

एका अर्थावरून दुसऱ्यावर माणसं कशी गेली, हे दाखवता आलं पाहिजे. इथे पूल दोन आहेत.

पहिला, अनाथ मुलावरून शिष्यावर. रोमन कायद्यात पूपिल्लुसची काळजी घेणाऱ्या माणसाला ‘टूटॉर’ म्हणत. मूळ क्रियापद ‘राखणे, सांभाळणे’. तोच आपला ट्यूटर. आणि ट्यूशन? इंग्रजीत पंधराव्या शतकात त्याचा अर्थ होता संरक्षण, ताबा, देखभाल. शिकवणीचा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. पोरक्या मुलाचा पालक त्याच्या मालमत्तेबरोबर त्याच्या शिक्षणाचीही सोय पाहायचा. हळूहळू राखणं मागे पडलं आणि शिकवणं पुढे आलं. ट्यूटर, ट्यूशन आणि प्युपिल हे तिघे पालकत्वाच्या घरातून एकत्र उठून शाळेत गेले. म्हणून सांगते, एकट्या शब्दाचा पाठलाग करू नका. त्याच्या जोडीदारांनी त्याच काळात घर बदललं का ते पाहा. जोडी हलली असेल तर पूल पक्का.

दुसरा पूल, मुलीवरून डोळ्यावर. हा वाचून समजण्यापेक्षा पाहण्याचा आहे. दिवसा खिडकीकडे पाठ करून बसू नका, उजेड तोंडावर पडेल असे बसा. समोर घरातल्या कुणाला तरी वीतभर अंतरावर बसवा आणि त्याच्या डोळ्यातल्या काळ्या भागाकडे पाहा. काळ्या पार्श्वभूमीवर एक इवलासा माणूस दिसेल, डोकं, खांदे. तो तुम्हीच. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, बाहेर फुगलेल्या आरशासारखा काम करतो. त्याची वक्रतेची त्रिज्या सुमारे ७.८ मिलिमीटर असते. एवढ्या लहान गोल आरशात ३० सेंटिमीटरवरचा चेहरा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा दिसतो. बाहुलीचा व्यास उजेडात दोन ते चार मिलिमीटर असतो, म्हणजे ते चित्र तिच्यात नेमकं मावतं. मी हे पहिल्यांदा मुद्दाम पाहिलं तेव्हा मराठीतला ‘बाहुली’ शब्द मला नव्याने कळला. इतकी वर्षं तो नुसता वापरत होते.

पूल खरा आहे का हे तपासायला दुसऱ्या भाषांना विचारायचं. ग्रीकमध्ये ‘कोरे’ म्हणजे मुलगी, बाहुली आणि डोळ्यातली बाहुलीही. प्लेटोच्या नावावर असलेल्या ‘अल्किबियादीस’ या संवादात कारणही दिलेलं आहे : समोरच्याच्या डोळ्यात पाहणाऱ्याचा चेहरा आरशासारखा उमटतो, म्हणून ते नाव. संस्कृतात ‘कनीनिका’, तिचं नातं ‘कन्या’शी. हिंदीत ‘पुतली’. स्पॅनिशमध्ये ‘डोळ्यातली मुलगी’ असा शब्दप्रयोग. फारसीत ‘मर्दुमक’ म्हणजे छोटा माणूस, आणि बायबलच्या हिब्रूत ‘इशोन’, त्याचाही अर्थ बहुधा छोटा माणूसच लावतात. लॅटिनने हे ग्रीककडून घेतलं असं धरलं तरी बाकीच्या एवढ्या भाषांनी तेच नाव ठेवावं याचं कारण साधं आहे. जो कुणी जवळ बसून डोळ्यात पाहील त्याला ती बाहुली दिसतेच.

आता मघाशी बाजूला ठेवलेले शब्द उचला. पपेट म्हणजे बाहुली, उघडच. पपी फ्रेंचमधल्या बाहुलीच्या शब्दावरून आला, खेळवायचं लाडकं जनावर म्हणून. प्युपा हे नाव स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने अठराव्या शतकात रूढ केलं. कोशातला किडा कापडात गुंडाळलेल्या बाळासारखा किंवा बाहुलीसारखा दिसतो. सगळे एकाच पूपाचे नातलग.

पायरी ७ : कानाला लागलेलं साम्य आणि गोड गोष्टी यांवर विश्वास ठेवू नका

इंग्रजी ‘डे’ आणि लॅटिन ‘दिएस’ दोन्हींचा अर्थ दिवस, आवाजही जवळचा. नातं मात्र नाही. उलट ‘व्हील’ आणि आपलं ‘चाक’ यांत ऐकायला काहीच सारखं नाही, पण दोन्ही एकाच प्राचीन शब्दापासून आले. चाक चक्रावरून, आणि चक्र व व्हील सख्खे. आवाज नियमाने बदलतात. जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांत व्यंजनं कशी सरकली याचा नियम जर्मन अभ्यासक याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला, तेव्हापासून व्युत्पत्ती अंदाजाचं काम राहिलेली नाही. नियमाने जुळतं का ते पाहा, कानाने जुळतं का ते नको.

आद्याक्षरांच्या गोष्टी तर सरळ सोडून द्या. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, असं अजूनही शिकवलं जातं. ते खोटं आहे. न्यूज हे ‘न्यू’चं अनेकवचन, नव्या गोष्टी. विसाव्या शतकाआधीचा रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द आद्याक्षरांतून घडल्याचं सांगितलं गेलं की मी ते बाजूला ठेवते, आणि आजवर त्याचा पश्चात्ताप झालेला नाही.

पायरी ८ : निकाल लिहा

माझ्या वहीत मी चार खाने केले आहेत.

पहिल्यात एकाच शब्दाचे अर्थ. ‘क्रेन’ पक्षी आणि ‘क्रेन’ यंत्र इथे. लांब मान पुढे काढणाऱ्या पक्ष्याचं नाव यंत्राला मिळालं, ग्रीकमध्येही तसंच झालं होतं.

दुसऱ्यात एक मूळ, पण फाटा इंग्रजीच्या आधीचा. प्युपिल इथे बसतो.

तिसरा खाना दूरच्या चुलतभावांचा, आणि मला तो सर्वांत आवडतो. नदीकाठची ‘बँक’ आणि पैशांची ‘बँक’. काठाचा शब्द स्कँडिनेव्हियातून इंग्रजीत आला. पैशांचा इटलीतून, सराफाच्या बाकावरून, फ्रेंचच्या मार्गे, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. दोन वेगळी दारं. पण इटालियन बाक हा मुळात जर्मानिक भाषांकडूनच उसना घेतलेला, आणि काठाचा शब्दही त्याच जर्मानिक मुळाचा, ‘बेंच’ त्यांचा तिसरा भाऊ. शेकडो वर्षं वेगळ्या देशांत वाढलेले दोघे इंग्रजीत येऊन पुन्हा एकाच रूपात भेटले. ‘काठ आणि बँक यांचा संबंध नाही’ असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं, ते दारापर्यंतच पाहून लिहिलेलं असतं.

चौथ्या खान्यात परके. कुत्र्याचं ‘बार्क’ जुन्या इंग्रजीतलं, झाडाच्या सालीचं ‘बार्क’ नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेकडून, आलेलं. खेळाची ‘मॅच’ जोडीदार या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून, काडेपेटीची ‘मॅच’ दिव्याच्या वातीच्या फ्रेंच शब्दावरून. ‘क्लीव्ह’ चिकटणे आणि ‘क्लीव्ह’ चिरणे, हे तर उलट अर्थाचे. शब्दाने स्वतःचा अर्थ उलटवला असं त्याच्याबद्दल लिहितात. जुन्या इंग्रजीत ती दोन वेगळी क्रियापदं होती, वेगळ्या स्वरांची. स्वर झिजून एक झाले एवढंच.

नोंद लिहिताना पाच गोष्टी एका खाली एक घ्या : आजचे अर्थ, मेलेले अर्थ, तारखा, फाटा कुठे, पूल कोणता. प्युपिलची माझी नोंद सहा ओळींत मावली. पूल सापडला नाही तर ती ओळ रिकामी ठेवा, कल्पनेने भरू नका. माझ्या वहीत अशा बऱ्याच रिकाम्या ओळी आहेत आणि त्या मला खोट्या भरलेल्या ओळींपेक्षा जास्त उपयोगी पडतात, कारण पुन्हा कुठे शोधायचं ते त्यावरून कळतं.

सरावाला ‘मोल’ घ्या. अंगावरचा तीळ, जमिनीखाली बिळं करणारा प्राणी, शत्रूच्या गोटात दडलेला हेर, बंदरातला लाटा अडवणारा दगडी बांध आणि रसायनशास्त्रातलं पदार्थाच्या राशीचं एकक, असे पाच अर्थ. हेर कुणाचा नातलग हे बिळावरून लगेच लक्षात येईल. तीळ वेगळ्या घरातला आहे, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ डाग असा होता. राहिले बांध आणि एकक. लॅटिनमध्ये ‘मोलेस’ म्हणजे मोठा ढीग, अवजड वस्तुमान. ‘मॉलिक्यूल’ या शब्दाची व्युत्पत्ती उघडून, या दोघांचं नातं तिथून स्वतः लावून पाहा.